सोलापूरच्या गच्चीवर किती वीज तयार होऊ शकते?

प्रश्न असा आला आहे: विजापूर रोडला स्वतःचं दोन मजली घर आहे, वर पूर्ण स्लॅब आहे, महिन्याला सरासरी ३०० युनिट लागतात. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, मग घरावर सोलर किती किलोवॅटचं बसवावं, ते परवडतं का, आणि सगळ्यांनीच बसवलं तर शहराची वीज त्यातून भागेल का?

आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या घराला ३ किलोवॅट पुरे, बहुधा त्याहून थोडं कमीही चालेल. अनुदान धरलं तर घातलेले पैसे दोन ते सव्वातीन वर्षांत सुटतात. शहराची दिवसाची घरगुती गरज गच्च्यांवरून बरीच भागू शकते, संध्याकाळची आणि रात्रीची नाही. या शहरात अनेक वर्षं गच्च्या मोजत आलो आहे, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. सोलापुरात ऊन कधीच कमी पडत नाही. कमी पडते ती सावली नसलेली जागा. आणि किती किलोवॅट हवं याचं उत्तर आकाशाकडे बघून मिळत नाही, ते तुमच्या वीजबिलात असतं.

उन्हाचा हिशेब पटकन उरकू. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनल नीट बसवले तर वर्षाला साधारण १४०० ते १५०० युनिट देतात, म्हणजे दिवसाला सरासरी ४. मार्च-एप्रिलमध्ये हा आकडा ५ च्या आसपास जातो, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे ३ पर्यंत उतरतो. आपण पर्जन्यछायेत असल्याने पावसाळ्यातही सलग अंधारून आलेले दिवस कोकणाइतके नसतात, ही आपली जमेची बाजू. ३ किलोवॅट म्हणजे वर्षाला ४२०० युनिट, महिन्याला सरासरी ३५०. कोणी दिवसाला किलोवॅटमागे ६ युनिटची हमी देत असेल तर त्याच्याकडून ते लिहून घ्या. तो लिहून देणार नाही.

सोलापूरच्या उन्हाबद्दल एक समज मात्र खोडून काढायला हवा. पारा ४३ वर गेला की वीजही सर्वात जास्त तयार होणार, असं पुष्कळांना वाटतं. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलवर छापलेली क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. मे महिन्यात भर दुपारी तोच सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो, आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.३५ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे निव्वळ तापण्यामुळे १४-१५ टक्के गेले. त्यात धूळ, केबल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र) यांची घट धरली तर मे महिन्यात दुपारी बाराला ३ किलोवॅटच्या संचावर २.३ किंवा २.४ किलोवॅट दिसणं अगदी योग्य आहे. दरवर्षी त्या दिवसांत "पॅनल बिघडलं का?" असे फोन येतात. बिघडलेलं नसतं. पॅनलच्या खालून वारा खेळता ठेवला तर ही घट थोडी कमी होते. म्हणूनच पॅनल स्लॅबला किंवा पत्र्याला चिकटवून बसवू नयेत, खाली मोकळी जागा सोडावी.

आता सावलीकडे येऊ, कारण आपल्या शहरात खरा प्रश्न तिथेच आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांचं पाणी साठवायचं म्हणून प्रत्येक गच्चीवर दोन-तीन, कुठे चार टाक्या असतात. जोडीला जिन्याची खोली, पाणी तापवायचं सोलर, डिश, शेजाऱ्याने वाढवलेला तिसरा मजला. कागदावर ६०० चौरस फूट असलेल्या गच्चीत दिवसभर मोकळं ऊन मिळणारे दीडशे-दोनशे फूटच उरतात.

सावली थोडी असली तर नुकसानही थोडंच, असं इथे चालत नाही. घरगुती संचात पॅनल एकामागून एक, एकाच ओळीत जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनलच्या खालच्या पट्टीवर टाकीची सावली पडली तर त्या पट्टीतले सेल पुऱ्या प्रवाहाला अडवतात. आतले बायपास डायोड त्या भागाला वळसा घालून उरलेली ओळ वाचवतात, पण त्या पॅनलचा एक तृतीयांश किंवा अर्धा भाग तेवढा वेळ कामातून जातो. सेलची कायम अर्धवट सावलीत राहणारी जागा पुढे तापून खराब होण्याची शक्यताही राहते. ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनलला स्वतंत्र चालवणारी उपकरणं) लावून नुकसान कमी करता येतं, पण त्यासाठी जादा पैसे मोजावे लागतात. त्या पैशांत टाकी हलवून होते.

सावली मोजायला कुठलं ॲप लागत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस खडू घेऊन गच्चीवर जा. सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि तीन-साडेतीन अशा तीन वेळांना टाकी, जिन्याची खोली आणि कठडा यांच्या सावलीच्या कडा आखा. या तिन्ही वेळांना जी जागा सावलीबाहेर राहते, ती पॅनलची. त्या दिवसांत सूर्य वर्षात सर्वात खाली असतो. सोलापूरच्या अक्षांशावर तो दुपारी क्षितिजापासून ४९ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे ३ फुटी कठड्याची सावली दुपारी अडीच फुटांहून थोडी जास्त आणि सकाळी साडेनऊला पाच फुटांपर्यंत पडते. डिसेंबरात जी जागा मोकळी, ती उरलेलं वर्ष जवळजवळ मोकळीच असते. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा सावल्या दक्षिणेकडे पडतात. पण त्या इतक्या आखूड असतात की काळजीचं कारण नाही.

साखर पेठेतलं एक घर या बाबतीत लक्षात राहण्यासारखं आहे. गच्ची २२ बाय ३० फुटांची. दक्षिणेच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर दोन टाक्या, मध्ये पाणी तापवायचं सोलर, पूर्वेला जिन्याची खोली. घरमालकांना ५ किलोवॅट हवं होतं. खडूने रेघा मारल्यावर जेमतेम दोन पॅनलची जागा दिसली, तीही दोन तुकड्यांत. प्लंबरला बोलावून दोन्ही टाक्या जिन्याच्या खोलीवर, तिच्या उत्तर कडेला नेल्या आणि पाण्याचं सोलर पश्चिमेच्या कठड्याशी सरकवलं. मग दक्षिणेला सलग पट्टा मोकळा झाला आणि सहा पॅनल, म्हणजे ३ किलोवॅटहून थोडं जास्त, निवांत बसले. हा सगळा खर्च दोन पॅनलच्या किमतीहून कमी झाला. टाकी हलवण्याआधी खालची भिंत किंवा कॉलम भरल्या टाकीचा भार पेलतील का, हे इंजिनिअरला विचारलं पाहिजे. १००० लिटरची टाकी भरली की १ टन होते.

त्या मानाने पॅनल हलके असतात. सध्या मिळणारा ५४०-५५० वॅटचा एक पॅनल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ ते ३० किलो वजनाचा असतो. सहा पॅनल आणि सांगाडा यांचं वजन पसरून पडतं, धड अवस्थेतल्या आरसीसी स्लॅबला ते जड नाही. जुन्या माळवदावर (लाकूड-मातीच्या छतावर) मात्र बसवू नका. कोणी "चालतंय की" म्हणालं तरी नको.

दिशा आणि उतार यांवर लोक फार डोकं खपवतात. दक्षिणेकडे तोंड आणि १२ ते १८ अंशांचा उतार ठेवला की झालं. दक्षिणेला जागा नसेल आणि पूर्वेला किंवा पश्चिमेला कमी उतारावर बसवावं लागलं, तर वर्षाच्या उत्पादनात थोड्याच टक्क्यांचा फरक पडतो. दक्षिणेच्या हट्टापायी टाकीच्या सावलीत बसवणं हा त्याहून कितीतरी मोठा तोटा.

आता बिल. गेल्या बारा महिन्यांची बिलं समोर घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटना सुमारे ६ रुपये आणि पुढच्या २०० ना सुमारे ११ रुपये लागतात, वर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या ताज्या बिलातले आकडे धरा. ३०० युनिटचं बिल आज साडेतीन हजारांच्या आसपास जातं.

सोलर बसवल्यावर तुमची वीज आधी सर्वात महागड्या युनिटना कापते. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण किती किलोवॅट घ्यायचं ते यावरूनच ठरतं. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घरी पहिला किलोवॅट १२० युनिट देतो आणि ती सगळी ११ रुपयांची वाचवतो. दुसरा किलोवॅट पुढची १२० युनिट देतो, त्यातली ३० महागाची आणि ९० सहा रुपयांची. तिसऱ्याला कापायला जेमतेम १० युनिट उरतात, त्याची बाकी वीज जमा होत जाते. म्हणून पहिला किलोवॅट सर्वात लवकर फिटतो आणि शेवटचा सर्वात उशिरा. तुमच्या ३०० युनिटना अडीच ते तीन किलोवॅट बरोबर बसतं. पुढे विजेची स्कूटर किंवा एसी घ्यायचा पक्का विचार असेल तर पूर्ण तीन घ्या. "जागा आहे तर पाच टाकू" हा सल्ला विकणाऱ्याच्या फायद्याचा.

जमा झालेल्या युनिटचं काय होतं? नेट मीटरवर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर) महिन्याची जादा वीज पुढच्या महिन्याला वर्ग होते, आणि आर्थिक वर्ष संपलं की ३१ मार्चला खातं साफ होतं. शिल्लक युनिटचे पैसे मिळतात, पण ते तुम्ही महावितरणला देता त्या दराच्या पासंगालाही पुरत नाहीत. आपल्यासाठी ही तारीख अडचणीची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र, पंखे बंद, कूलर माळ्यावर. वीज भरपूर तयार होते आणि वापर कमी असतो. ती शिल्लक एप्रिल-मे मध्ये कूलर-एसीला उपयोगी पडली असती, पण बरोबर उन्हाळ्याच्या तोंडावर खातं शून्यावर येतं. ही मुदत उन्हाळ्यानंतर, जूनअखेरीस ठेवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. ती तशी होत नाही तोवर, मार्चअखेरीस फारसं काही शिल्लक राहू नये इतकाच संच घेणं शहाणपणाचं.

शिवाय एकूण कल असा दिसतो की ग्रिडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सामायिक जाळ्यात, दिवसा सौर वीज वाढते आहे, त्यामुळे दिवसाची वीज स्वस्त होत जाणार आणि संध्याकाळची महाग. नेट मीटरिंगच्या अटीही वीज नियामक आयोगाच्या आदेशांप्रमाणे बदलतात, अर्ज करताना ताज्या अटी वाचाच. या सगळ्यात एक सवय कायम कामाला येते. मोटर, वॉशिंग मशिन, इस्त्री, गिझर ही कामं सकाळी दहा ते दुपारी चारच्या आत उरका. स्वतः तयार केलेली वीज तिथल्या तिथे वापरली की तिच्यावर कोणत्याही नियमाचा परिणाम होत नाही.

खर्चाचं बोलू. ३ किलोवॅटचा, भारतात बनवलेल्या सेल आणि पॅनलचा संच चांगल्या सांगाड्यासह साधारण १ लाख ६० हजार ते २ लाखांपर्यंत पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं एकूण ७८ हजारांपर्यंत अनुदान थेट बँक खात्यात जमा होतं. तीनच्या पुढे कितीही बसवलं तरी अनुदान ७८ हजारच. म्हणजे पदरचे ८२ हजार ते १ लाख २२ हजार, आणि वर्षाची बचत ३८-४० हजार. अनुदानासाठी देशी सेलचेच पॅनल लागतात. स्वस्तातले आयात सेलचे पॅनल लावून कोणी "अनुदान मी बघतो" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. प्रत्येक पॅनलवरचा क्रमांक योजनेच्या पोर्टलवर चढवला जातो आणि तिथेच ते अडकतं.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट तपासा: बिल कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे निम्म्या घरांत ते वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. गच्ची तिघा भावांची, मीटर तीन, आणि घराचा उतारा जुन्याच नावावर. नाव बदलून घ्या, भावांची लेखी संमती घ्या, मगच पोर्टलवर जा. पॅनल बसायला दोन दिवस पुरतात, पण नावाच्या घोळात महिने जातात. मंजूर भाराची मात्र आता पूर्वीसारखी चिंता नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचाला वेगळा तांत्रिक अहवाल लागत नाही आणि भार वाढवायचा असेल तर तो त्याच अर्जात वाढतो.

आणखी एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत आणि नंतर लोक चिडतात. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला बिनबॅटरीचा संच लाईट गेली की बंद पडतो. भर दुपारी, लख्ख उन्हात, गच्चीवर ३ किलोवॅट असताना घरात पंखा फिरत नाही. हा दोष नव्हे. तारा दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरून मागे जाणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते, आणि खर्च खूप वाढतो. तुमच्याकडे आधीपासून बॅटरीवरचा इन्व्हर्टर असेल तर तो तसाच राहू द्या. दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय यांना तो पुरतो. शहरात आता तासन्‌तास भारनियमन नसतं, तेव्हा निव्वळ त्यासाठी बॅटरीत पैसे घालायला मी सहसा सांगत नाही. घरात ऑक्सिजनचं यंत्र चालत असेल किंवा दवाखाना असेल, तर गोष्ट वेगळी.

बसवताना सर्वात जास्त लक्ष सांगाड्यावर ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात, कुरडया-पापड वाळतात, चादरी धुऊन टाकतात. गच्ची हातची जाऊ नये म्हणून बहुतेकांना आठ-नऊ फूट उंच सांगाडा हवा असतो. हवा तर जरूर घ्या. खाली सावलीही मिळते आणि वरच्या मजल्याच्या खोल्या उन्हाळ्यात कमी तापतात, हा फायदा बिलात दिसत नसला तरी अंगाला जाणवतो. पण सहा पॅनल म्हणजे १६५ चौरस फुटांचं शीड, आणि मे महिन्यात वळवाआधी सुटणारा आपला वारा तुम्हाला ठाऊक आहे. पाइप गरम जस्तात बुडवलेला असावा, त्यावर नुसता चंदेरी रंग फासलेला नको. जागेवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून नटबोल्टची जोडणी मागा. पायांसाठी स्लॅबला भोकं पाडली तर केमिकल अँकर (रसायनाने भोकात घट्ट बसवलेले बोल्ट) वापरून वर काँक्रीटचे ठोकळे भरून घ्या. बसवणारा निघून गेल्यावर पहिल्या पावसात गळती लागली, तर ती शोधणं महाकठीण असतं.

गारांचं अनेकजण विचारतात. पॅनलची काच टफन केलेली असते आणि प्रमाणित पॅनलची २५ मिलिमीटरच्या गारा सेकंदाला २३ मीटर वेगाने आदळवून चाचणी झालेली असते. मार्च २०१४ सारखी मोठी गारपीट आली तर कशाचीच खात्री देता येत नाही. त्यासाठी घराच्या विम्यात सोलरचा स्पष्ट उल्लेख करून घ्या, हप्ता फारसा वाढत नाही.

विजेच्या कामात तीन ठिकाणी स्वतः उभं राहून बघा. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: वीज अटकाव दांड्याचा एक, पॅनल बाजूचा एक, घर बाजूचा एक. तिन्ही एकाच खड्ड्यात जोडून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. दुसरं, पॅनलच्या केबलचे जोड एकाच कंपनीचे असावेत. दोन कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतात खरे, पण आत ढिले राहतात, तापतात आणि आगी लागतात त्या बहुधा तिथूनच. तिसरं, इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगू देऊ नका. जिन्याच्या खोलीत, हवा लागेल अशा जागी ठेवा. पॅनल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर मध्ये एकदा तरी बदलावा लागतो, आणि उन्हात ठेवला तर लवकर.

धुण्याबद्दल. आपल्याकडे धूळ भरपूर, पंधरा दिवस पॅनल पुसले नाहीत तर कोरड्या दिवसांत ५ ते १० टक्के वीज सहज जाते. पण पाइप लावून धुण्याइतकं पाणी कोणाकडे आहे? लागतही नाही. दोन बादल्या पाणी आणि लांब दांड्याचा मऊ मॉप यांत सहा पॅनल होतात. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी आपल्याकडे जड आहे, ते सुकलं की पांढरे डाग राहतात आणि वर्षभरात त्याचा थर घट्ट बसतो. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. एसीच्या नळीतून थेंबथेंब पडणारं पाणी साठवा. ते जवळजवळ क्षारमुक्त असतं आणि शेवटचा हात फिरवायला उत्तम.

सुरू झाल्यावर रोज इन्व्हर्टरचं ॲप बघत बसू नका, महिन्यातून एकदा मीटरचं वाचन लिहून ठेवा. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान उत्पादन मधूनच शून्यावर जात असेल तर पॅनलला दोष देण्याआधी व्होल्टेज पाहा. गल्लीत बऱ्याच घरांवर सोलर असेल आणि दुपारी वापर कमी असेल, तर तारांतलं व्होल्टेज २५० च्या वर चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असेल तर हे आणखी वाढतं, म्हणून ती जाड घालून घ्या. तरीही होत असेल तर वेळ आणि व्होल्टेज यांची नोंद ठेवून महावितरणकडे लेखी तक्रार द्या. रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप बदलून हे सुटतं.

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे शहराची वीज भागेल का याचं, उत्तर सुरू होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. समजा ५० हजार घरांनी ३ किलोवॅट बसवलं. ते होतात १५० मेगावॅट आणि वर्षाला सुमारे २१ कोटी युनिट, म्हणजे त्या घरांची वर्षाची सगळी गरज हिशेबात भागली. पण हिशेबातच. वीज तयार होते सकाळी आठ ते पाच, आणि घरं जागी होतात संध्याकाळी सातनंतर. तेव्हा दक्षिण सोलापुरातल्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रासारखे प्रकल्पच कामाला येतात. तुमचं बिल शून्यावर आलं तरी रात्रीचा दिवा कोळशावरच जळत असतो. ग्रिडला मोठ्या बॅटऱ्या जोडल्या जातील तसं हे बदलेल, पण एकट्या गच्च्यांच्या बळावर नाही. दुसरी अडचण गल्लीतल्या रोहित्राची. १०० केव्हीएच्या रोहित्रावर वीस-पंचवीस घरांनी ३-३ किलोवॅट चढवले की दुपारी वीज उलटी वाहू लागते. ती सोसायची तर तारा आणि रोहित्रं सुधारावी लागतील, आणि तो खर्च एकट्या ग्राहकावर टाकून चालणार नाही.

मला खरी ओढ वाटते ती लहान घरांची. आजवर सोलर बसलं ते बहुतेक जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड अशा भागांत, जिथे स्वतःचा स्लॅब आहे आणि बिल मोठं आहे. पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरात महिन्याला ८०-९० युनिट लागतात. ती सगळी स्वस्त टप्प्यातली, म्हणून एक किलोवॅटने वर्षाला सात-साडेसात हजारच वाचतात आणि पदरचे ४० हजार फिटायला पाच-सहा वर्षं लागतात. फायदा आहे, पण सुरुवातीचे ४० हजार आणायचे कुठून? राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी केंद्राच्या अनुदानावर जादा अनुदान देणारी 'स्मार्ट' योजना आणली, ती याच घरांसाठी आहे. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर अर्ज भरायला जरूर मदत करा. पत्र्याचं घर असेल तर आधी पत्र्याखालच्या लाकडी वाशांची किंवा लोखंडी अँगलची ताकद बघा. पत्रे गंजले असतील तर ते बदलल्याशिवाय पॅनल चढवू नयेत.

कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार, बांधकाम मजूर अशा कुटुंबांसाठी ३० हजार घरांची वसाहत उभी राहते आहे. १९ जानेवारी २०२४ ला तिथल्या १५ हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांनी घरांवरच्या सौर योजनेची पहिली घोषणा केली. एकसारखी छपरं, एकसारख्या दिशा, जवळजवळ बांधलेल्या इमारती. स्वतंत्र घरांच्या शहरात अशी सलग छपरं दुर्मीळ. सामायिक पंप, जिन्यातले दिवे, रस्त्यावरचे दिवे यांसाठी गृहनिर्माण संस्थांना किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान आहेच, ५०० किलोवॅटच्या मर्यादेपर्यंत. अशा वसाहतींत एकेका घराने अर्ज करत बसण्यापेक्षा संपूर्ण इमारतीचा एकत्र आराखडा करावा. खर्च कमी येतो आणि देखभालीला एक माणूस कायमचा ठेवता येतो.

तुमच्या शेजारी कोणी नवं घर बांधत असेल तर स्लॅब पडायच्या आधी त्यांच्या इंजिनिअरला एवढं सांगा: जिन्याची खोली आणि टाक्या उत्तरेच्या बाजूला घ्या, गच्चीपासून मीटरपर्यंत दीड इंची रिकामा पाइप भिंतीत टाकून ठेवा, दक्षिणेकडच्या कॉलमच्या सळया सांगाड्याच्या पायांसाठी फूटभर वर सोडा आणि गंजू नयेत म्हणून त्यांवर पातळ काँक्रीट चढवा, आणि अंगणात फरशी बसण्याआधी अर्थिंगचे तीन खड्डे घेऊन ठेवा. बांधकाम चालू असताना याला काही हजार लागतात. नंतर हेच करायला टाक्या हलवा, भिंत फोडा, फरशी उकरा, असं सगळं करावं लागतं.